शमुवेल मास्तरांची अट

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची वेळ आली की एकच माणूस उठून बाहेर जायचा, आणि प्रभुभोजनाचा अर्थ आम्हा पोरांना शिकवायचा तोही तोच माणूस. पाळकसाहेब भाकर आणि प्याला हातात घ्यायचे, बाया डोक्यावरचे पदर सारखे करून पुढे सरकायच्या, आणि शमुवेल मास्तर गीतांचं पुस्तक मिटून, वहाणा पायात सरकवून दाराबाहेर पडायचे. बाहेर बोरीच्या झाडाखाली उभे राहायचे. सगळ्यांचं झालं की परत आत. शेवटचं गीत तेच उचलायचे, कारण मंडळीत सूर धरणारा दुसरा कुणी नव्हता.

नव्या माणसाला वाटायचं, मास्तरांच्या हातून काही मोठं पाप घडलं असेल म्हणून मंडळीनं त्यांना बाहेर ठेवलंय. तसं नव्हतं. भावाशी वैर असेल तर या मेजाशी येऊ नको, आधी ते मिटव, असं ते आम्हाला शिकवत. त्यांचं वैर होतं. ते मिटलेलं नव्हतं. म्हणून ते बाहेर जात. आत बसलेल्यांपैकी निम्म्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, कुणाचं बांधावरून, कुणाचं कोंबडीवरून, कुणाचं सोयरिकीवरून. ते सगळे खुशाल गुडघे टेकायचे.

आमचं गाव बोरदरी. कन्नडहून घाटाकडे जाणारी सडक सोडून आत चालत जावं लागे. गावात लुथरन मिशनची शाळा होती. शाळा म्हणजे एक खोली, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर पत्रे. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी देऊळ. रविवारी फळा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मास्तरांच्या टेबलावर पांढरी चादर पडली की त्याची वेदी व्हायची. खोलीचे चार कोपरे म्हणजे चार इयत्ता. दाराजवळच्या कोपऱ्यात पहिली, खिडकीजवळच्या कोपऱ्यात चौथी. एका इयत्तेतून दुसरीत जाणं म्हणजे आपलं पोतं उचलून पुढच्या कोपऱ्यात नेऊन टाकणं. बहुतेक पोरं आमच्या ख्रिस्ती वस्तीतली, शिवाय धनगरांची काही आणि शिंप्याची दोन मुसलमान भावंडं. सगळ्यांना शिकवणारे मास्तर एकटेच.

ते उंच होते आणि किंचित वाकलेले. निजामाच्या काळात त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं. पोलीस ॲक्शन झाली, शाळांतून मराठी आली, तेव्हा चाळिशीच्या या माणसानं मराठी शुद्धलेखन आमच्याबरोबरच गिरवलं. आम्ही पाटीवर लिहायचो, ते फळ्यावर. पण हिशेब मात्र शेवटपर्यंत उर्दूतच करायचे. बेरीज करताना ओठ हलायचे आणि खालून ‘पैंतीस, छत्तीस’ असं ऐकू यायचं. रागही उर्दूतच यायचा. “नामाकूल” म्हणाले की समजावं, आज सुट्टीनंतर थांबायचंय.

त्यांची एक खोड होती. धर्मशिक्षणाच्या तासाला प्रत्येक आज्ञेनंतर अर्थ विचारायचा, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. मास्तरांनी ती सगळ्या विषयांना लावली. पोरगं पाढा म्हणायचं, “सात पंचे पस्तीस.” मास्तर विचारायचे, “ह्याचा अर्थ काय?” मग त्यानं सांगायचं, सात शेतकऱ्यांकडं पाच-पाच शेळ्या, म्हणजे पस्तीस शेळ्या. नद्यांची नावं घेतली की अर्थ काय. गोदावरी म्हणजे काय, तर पैठणला जिच्या काठी तुझी मावशी राहते ती. पाठ म्हणून दाखवलेलं काहीही त्यांना चालत नसे. अर्थ सांगून झाला की म्हणायचे, “उदाहरण.” उदाहरण आपल्या गावातलं पाहिजे. पुस्तकातलं दिलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट भांडणाची. दोन पोरं भांडली तर मास्तर मारायचे नाहीत. ज्याची चूक असेल त्यानं चारी कोपऱ्यांकडे तोंड करून, काय केलं ते मोठ्यानं सांगायचं. आम्हाला छडी परवडली असती. मी एकदा म्हणालो, “मास्तर, मनात मी माफी मागितलीय.” ते म्हणाले, “मनातलं देव ऐकतो. मनातलं त्याला सांग. माणसाला तोंडानंच सांगावं लागतं, दाविद.”

हे फक्त पोरांपुरतं नव्हतं. एकदा धनगराच्या बाळूनं कन्नडच्या बाजारातल्या एका दुकानातून पाटी आणली. घरी येऊन कागद सोडला तर पाटीला तडा. बाळू परत गेला, तेव्हा दुकानदारानं चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, पोरानंच फोडली. पुढच्या बाजारी मास्तर ती पाटी घेऊन दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला पाटी दाखवून म्हणायचे, “ही इथून फुटकी दिली.” दुसरं एक अक्षर नाही. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा तेच. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, “मास्तर, दोन नव्या घ्या, अन् जावा बाबा इथनं.”

“पाटी नको मला. पोराला खोटा ठरवलास ना चार लोकांत? चार लोकांत सांग, फुटकी मी दिली.”

“लई ताणता राव तुम्ही.”

“तू सोड, म्हणजे ढिलं होईल.”

त्यानं सांगितलं. तोंड वाकडं करून सांगितलं, पण सांगितलं. मग मास्तरांनी एक पाटी उचलली. तो म्हणाला, “दुसरीबी न्या की.” मास्तर म्हणाले, “फुटकी एकच होती.”

आता वैराचं सांगतो.

शाळेच्या मागे खिडकीला लागून आमच्या मंडळीची मूठमाती व्हायची जागा होती. भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. कबरींवर उशाला आणि पायथ्याला एकेक दगड, एवढीच खूण. मास्तरांची बायको मार्थाबाई तिथं होत्या. मी त्यांना पाहिलं नाही. आई सांगायची, मुलींना शिवण शिकवायच्या, आणि वस्तीतल्या मुली शाळेत आल्या त्या त्यांच्यामुळे. माझी आजीही तिथंच होती. त्याला लागून मिशनची थोडी जमीन होती आणि ती याकोबतात्या कसायचे. याकोबतात्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांतले पहिले. वस्तीत बैलजोडी त्यांच्या एकट्याकडे. खुरपणीला, सोंगणीला अर्धी वस्ती त्यांच्या रानात. पाळकसाहेब कन्नडहून आले की जेवण त्यांच्याकडे.

पोलीस ॲक्शननंतर मिशनचे गोरे साहेब निघून गेले आणि विचारणारं कुणी उरलं नाही. याकोबतात्यांचा नांगर दरसाल एकेक तास, म्हणजे एकेक सरी, कबरींकडे सरकायला लागला. मग एका उन्हाळ्यात त्यांनी दगड उपटून बांधावर टाकले आणि सगळी जागा नांगरून घेतली. दिवसाउजेडी. शाळा भरलेली होती. मास्तर खिडकीत उभे राहून चौथीला इतिहास शिकवत होते, असं चौथीची पोरं सांगायची; मी तेव्हा दाराकडच्या पहिलीत होतो. ते बाहेर धावले तोवर नांगर मार्थाबाईंवरून गेला होता.

याकोबतात्या म्हणाले, “मिशनची जमीन हाय, मिशनचाच माणूस नांगरतोय. तुमी का तापता मास्तर?”

पाऊस पडल्यावर तिथं ज्वारी उभी राहिली. चांगली आली. वस्तीत कुणी काही बोललं नाही. पुढं कुणी गेलं तर माती नाल्याकाठी व्हायला लागली. माझे वडील याकोबतात्यांकडे कामाला होते. आईनं विचारलं, तुमची आई हाय ना तिथं? वडील म्हणाले, “जित्याला काम पायजे. मेल्याला काय पायजे?” मी त्यांना दोष देत नाही. पण ते वाक्य मी विसरलोही नाही.

त्या वर्षापासून मास्तरांनी ज्वारी सोडली. आमच्याकडे ज्वारी सोडणं म्हणजे जेवण सोडल्यासारखंच. भर उन्हाळ्यातही ते बाजरीची भाकरी खायचे आणि अंगावर उठलेलं पित्त खाजवत शिकवायचे. आणि त्याच वर्षापासून ते प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर जायला लागले. पाळकसाहेबांनी समजावलं. मास्तरांनी अट सांगितली, आणि ती पुढे कधी बदलली नाही. जागा परत नको, भरपाई नको. याकोबानं एका रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं, मी मार्थाबाईच्या मातीवर नांगर घातला.

“एवढंच?” पाळकसाहेब म्हणाले.

“एवढंच,” मास्तर म्हणाले. “एवढं सोपं आहे तर सांगा त्याला करायला.”

याकोबतात्यांचा थोरला मुलगा प्रभाकर माझ्या बरोबरीचा. दृढीकरण झाल्याशिवाय मंडळीचा पुरता सभासद होता येत नाही, पुढे लग्नालाही अडतं, आणि दृढीकरणाची तयारी करून घेणारे एकटे शमुवेल मास्तर. तेव्हा याकोबतात्यांना पोरगं त्यांच्याच हाती द्यावं लागलं. मास्तर प्रभाकरला कधी घालूनपाडून बोलले नाहीत. उलट त्याच्यावर सगळ्यांत जास्त मेहनत घेतली. तो हुशार होता. खोटं बोलता यायचं नाही त्याला, कान लाल व्हायचे. मास्तरांनी हे पाहून ठेवलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मंडळीसमोर परीक्षा असते. आम्ही सहा जण धुतलेले सदरे घालून ओळीनं उभे. पाळकसाहेब खुर्चीवर, शेजारी दुसऱ्या खुर्चीवर मंडळीचे वडील म्हणून याकोबतात्या, नवा फेटा बांधून. मास्तर प्रश्न विचारत होते. माझं झालं. मग प्रभाकर.

“शेजाऱ्याच्या मालकीचा लोभ धरू नये. ह्याचा अर्थ काय?”

प्रभाकरनं खडाखडा सांगितलं. दुसऱ्याचं ते आपलं म्हणू नये, हक्काचं सोंग आणून घेऊ नये, उलट त्याचं त्याच्याकडं राहावं म्हणून त्याला मदत करावी. बायांनी माना डोलावल्या. याकोबतात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“उदाहरण,” मास्तर म्हणाले.

मंडळीसमोरच्या परीक्षेत उदाहरण कधी विचारत नसत. पाळकसाहेबांनी मान वर केली. प्रभाकरचे कान लाल झाले.

“ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण.”

“ठाऊक हाय, मास्तर.”

“मग सांग.”

“आमच्या रानात मार्थाबाई हायेत. त्यांच्यावर आमी जवारी करतो.”

पत्र्यावर कावळा चालत होता तो ऐकू येत होता. सगळ्यांनी याकोबतात्यांकडे पाहिलं. आता त्यांना काहीतरी बोलावं लागणार होतं. ‘व्हय’ म्हणाले असते तरी पुरलं असतं, मास्तरांनी बहुधा तेवढ्यावर भागवून घेतलं असतं. याकोबतात्या फेटा सावरून उभे राहिले.

“पाळकसाहेब,” ते म्हणाले, “पोरगं पास झालं का नाय, तेवढं सांगा.”

पाळकसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

“पास,” मास्तर म्हणाले. “पहिला आला.”

दुसऱ्या दिवशी प्रभाकर आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. चौथी पुरी झाली होती तरी आम्ही मोठी पोरं मास्तरांकडे गणिताला बसायचो. मास्तरांनी त्याचा सदरा वर करून पाहिला. मग ते पहिलीच्या कोपऱ्याकडे वळून म्हणाले, “प्रभाकरला मी माझ्या भांडणात वापरलं. चूक माझी.” मग दुसरीकडे वळले, तिसरीकडे, चौथीकडे, आणि चारी कोपऱ्यांना तेच सांगितलं. पहिलीतल्या पोरांना काही कळलं नाही. प्रभाकर खाली मान घालून म्हणाला, “तुमी नसतं विचारलं, तरी मला ठाऊक व्हतंच.”

ज्वारी पुढच्याही वर्षी उभी राहिली.

मी औरंगाबादला हायस्कुलात गेलो तो मास्तरांमुळे. माझ्या वडिलांना त्यांनी चारदा समजावलं आणि पाचव्यांदा समजावायच्या ऐवजी माझी पेटी उचलून चालायलाच लागले. बोर्डिंगात मला सोडून निघताना म्हणाले, “इथं तुला पुष्कळ जण सांगतील, जाऊ दे, सोडून दे. कोण सांगतंय ते आधी बघ.” क्षमा हा शब्द मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी ऐकला. ज्याचं काही गेलेलं नाही अशाच माणसाच्या तोंडी तो बहुतेक वेळा असतो. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो, पण पदवीच्या पुस्तकांत मला याहून कामाचं काही सापडलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात गावी होतो. याकोबतात्या अंथरुणाला खिळले होते. पोटात गाठ होती. मी शाळेत मास्तरांजवळ बसलो होतो, तेवढ्यात प्रभाकर आला. आता तोच घर चालवत होता.

“मास्तर, बाप बोलावतोय. बोलायचं हाय म्हणतो.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “काय बोलायचंय?”

“तुमाला ठाव हाय की.”

“मग रविवारी बोलू दे.”

“त्याला उठवत नाय, मास्तर.”

“बाजेवर आणा. तिघं मिळाले तर चौथा मी येतो.”

प्रभाकरनं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, “तुमच्या कानात सांगंल, म्हणतो. लई रडतोय.”

“माझ्या कानात नांगरलं नाही त्यानं,” मास्तर म्हणाले. “सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नांगरलं. रविवारी आण.”

मी म्हणालो, मास्तर, तात्या मरायला टेकलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खडू उचलून पहिलीला बाराखडी लिहून दिली. इतकी वर्षं ज्यासाठी थांबले ते दारात येऊन उभं होतं, आणि हा माणूस त्याला सांगत होता, रीतसर ये.

प्रभाकरनं बाज बांधून तयार ठेवली होती. याकोबतात्या शनिवारी दुपारी गेले.

पाळकसाहेब पैठणकडच्या मंडळीत गेले होते, ते सोमवारशिवाय येणार नव्हते. उन्हाळ्यात माती थांबवता येत नाही. पाळक नसतील तेव्हा मूठमातीची उपासना मास्तरांनीच चालवायची, असा नेम होता. वस्तीत कुजबूज सुरू झाली, मास्तर येतात का नाही. मास्तर धुतलेलं धोतर नेसून स्वतःहून याकोबतात्यांच्या अंगणात आले.

प्रभाकर पुढे होऊन म्हणाला, “मास्तर, नाल्याकडं नाय न्यायचं बापाला. शाळेमागं ठेवतो. ते रान मी मोकळं सोडलं. आता पुन्ना नांगर नाय तिथं.”

मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चल. जागा दाखवतो.”

दगड नव्हते, खूण नव्हती, नुसती ज्वारीची धसकटं. पण मास्तर इतकी वर्षं ज्या खिडकीत उभे राहत, तिच्या सरळ रेषेत चालत गेले आणि थांबले. “इथं मार्था,” म्हणाले. मग तिच्या पायाशी, उगवतीच्या अंगाला, काठीनं रेघ मारली. “इथं खणा.”

आमच्यात माणसाला पाय उगवतीकडे करून ठेवतात. शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तोंडं उगवतीकडे असावीत म्हणून. पाळकाला मात्र कुठं कुठं उलटं ठेवतात, उठल्यावर तो आपल्या मंडळीकडे तोंड करून उभा राहावा म्हणून. खड्डा झाला. पेटी आणली. मास्तर म्हणाले, “डोकं उगवतीला करा.”

खांदेकरी थांबले. मग गर्दीतून माझी म्हातारी आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, “पाद्र्याचा मान दिला गं माझ्या याकोबाला. केवढं मन मास्तराचं.” बाया रडायला लागल्या. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मास्तरांनी शेवटी माफ केलं, मंडळीच्या वडिलाला मंडळीसमोर तोंड करून निजवलं. आजही बोरदरीत हेच सांगतात. मास्तर त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही.

मी विचारलं. पेटी दोरावर चढवत होते तेव्हा मी त्यांच्या जवळ सरकून म्हणालो, “मास्तर, मान दिलात?”

“कसला मान?” ते हळू आवाजात म्हणाले. “मार्था उठेल तेव्हा तिचं तोंड इकडं असेल. हा उठेल तेव्हा ह्याचं तोंड तिच्याकडं असेल. सगळी मंडळी उभी असेल. बाजूला बघायला जागाच नाही त्याला. तेव्हा बोलेल.”

प्रभाकर दोराचं टोक धरून आमच्या अगदी शेजारी उभा होता. त्यानं ऐकलं. मास्तरांना ठाऊक होतं, तो ऐकतोय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रभाकरनं मान खाली घातली आणि दोर हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी मी औरंगाबादला परतलो, आणि त्यानंतर मास्तर मला दिसले नाहीत. डोळ्यांसमोर येतात ते तसेच, खड्ड्याच्या काठाशी वाकलेले. पेटी खाली जात होती. त्यांनी एक डोळा मिटून मार्थाबाईंच्या जागेकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि हात वर करून चौघांना थांबवलं.

“जरा डावीकडं घ्या,” ते म्हणाले. “बरोबर समोर यायला पाहिजे.”